"पुत्रालाही ठाऊक नाही" हे वचन क्लासमध्ये वाचू द्या: पाळकसाहेबांना खुलं पत्र

आपल्या मराठी मंडळ्यांचे सगळे पाळकसाहेब, वडीलजन, आणि दृढीकरणाचा क्लास किंवा बायबल स्टडी घेणारे सगळे ब्रदर-सिस्टर,

सप्रेम सलाम.

सरळ मुद्द्यावर येते. येशू हा मसीहा आणि तो देव आहे हे आपण उपासनेत उभं राहून म्हणतो, "खऱ्या देवापासून खरा देव, जनित, निर्मित नव्हे", मीही म्हणते आणि मनापासून म्हणते, त्यामुळे पुढचं वाचून मला लगेच कुठल्या पंथात ढकलू नका. माझी तक्रार विश्वासाबद्दल नाहीये, शिकवण्याबद्दल आहे. ज्या वचनांवरून येशू देव आहे का हा सगळा वाद पेटला ती वचनं आपण पोरांसमोर कधी उघडतच नाही, आणि मग तीच वचनं त्यांना दुसरं कोणीतरी उघडून दाखवतं, येशूला देव न मानणारे, दारावर येणारे यहोवाचे साक्षीदार दाखवतात, यूट्यूबवरचे डिबेटवाले दाखवतात, कॉलेजातला एखादा मित्र दाखवतो, आणि पोरगं घरी येऊन विचारतं की हे बायबलमध्ये आहे तर आम्हाला कधी सांगितलं का नाही.

कुठली वचनं ते तुम्हाला माहितीच आहे, तरी लिहिते. "माझा पिता माझ्यापेक्षा थोर आहे" (योहान १४:२८). "मला उत्तम का म्हणतोस? एक जो देव त्याच्यावाचून कोणी उत्तम नाही" (मार्क १०:१८). कलस्सैकरांच्या पत्रातलं "सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ". नीतिसूत्रे ८:२२, जिथे ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला सगळ्यांच्या आधी उत्पन्न केलं. आणि सगळ्यात अवघड ते मार्क १३:३२, शेवटच्या दिवसाबद्दलचं, की तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला.

हे शेवटचं वचन मागे एका बायबल क्लासमध्ये अकरावीतल्या एका मुलाने वाचून दाखवलं. मंडळीचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला बोट दाखवायचं नाहीये, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही मंडळीत हेच झालं असतं. त्याने आगाऊपणा वगैरे काही केला नाही, साधं विचारलं, की येशू देव आहे तर त्याला माहिती कसं नाही? क्लास घेणारे क्षणभर थांबले, मग म्हणाले असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो, जास्त खोलात जायचं नाही, आणि डोळे मिटायला सांगून शेवटची प्रार्थना सुरू केली. अजून अर्धा तास शिल्लक होता हो. प्रार्थनेत त्या मुलाचं नाव घेऊन "याची शंका दूर कर" असंही म्हटलं, सगळ्या पोरांसमोर. तो परत आला नाही. आई सांगते क्लासेस असतात रविवारी, पण तरुण संघातल्या सगळ्यांना खरं कारण माहितीये.

आता मला सांगा, त्या मुलाने विचारलेला प्रश्न नवीन होता का? साधारण १७०० वर्षं जुना आहे. आणि ज्यांनी आपला मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणतो ती विश्वासाची कबुली, लिहिला त्यांना याच प्रश्नाने झोपू दिलं नव्हतं. म्हणजे आपण ज्याला सैतानाचं काम म्हणतो ते निकियाच्या परिषदेचं, म्हणजे हा मतांगीकार ठरवायला जमलेल्या बिशपांच्या सभेचं, विषयपत्रिकेवरचं काम होतं.

आरियसचं नाव आपल्याकडे घेतलंच तर शिवी दिल्यासारखं घेतात. तो कोण होता ते मात्र कोणी सांगत नाही. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या मंडळीतला एक पाळक, वयस्कर, साधं राहणारा, शास्त्र पाठ असलेला, आणि लोकांमध्ये मान असलेला माणूस. त्याचं म्हणणं असं की अनादी फक्त पिता, पुत्र त्याच्यापासून आला म्हणजे पुत्राला कुठेतरी सुरुवात आहे, सृष्टीच्या आधी का असेना पण "तो नव्हता असं कधीतरी होतं", देवाने आधी त्याला घडवलं आणि मग त्याच्याकरवी बाकी सगळं. हे त्याने घरी बसून रचलं नव्हतं, वर लिहिलेली वचनंच त्याचा आधार होती. आणि प्रचार करायची पद्धतही बघा, खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, लांबच्या वाटेने चालणाऱ्यांसाठी त्याने गाणी रचली असं जुने लेखक सांगतात. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या किती पिढ्या टिकल्या ते आठवा, म्हणजे त्याच्या विरोधकांची काय पंचाईत झाली असेल ते कळेल.

आणि यातली एक गंमत मला फार आवडते. नीतिसूत्रे ८:२२ आज कोणी काढलं तर आपण पटकन म्हणतो, अहो ते कवितेतलं ज्ञान आहे, त्याचा ख्रिस्ताशी काय संबंध, पुढचं वचन घ्या. पण चौथ्या शतकात असं म्हणायची सोय दोन्ही बाजूंना नव्हती! आरियस आणि त्याचे विरोधक, दोघांचंही एकमत होतं की तिथे बोलणारं ज्ञान म्हणजे ख्रिस्तच, भांडण होतं ते "उत्पन्न केलं" याचा अर्थ काय यावर. आरियसचा सगळ्यात मोठा विरोधक अथनाशियस याने त्या एका वचनावर पानंच्या पानं खर्च केलीत, की हे ख्रिस्ताच्या देहधारणेबद्दल, म्हणजे माणूस होण्याबद्दल, आहे, त्याच्या मूळ अस्तित्वाबद्दल नाही वगैरे. त्याचं उत्तर मला पूर्ण पटत नाही, ओढूनताणून वाटतं, पण त्याने वचन टाळलं नाही हे महत्त्वाचं. समोरच्याचं सगळ्यात भारी वचन घेतलं आणि त्यावरच बसून राहिला.

मग ३२५ साल. सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना निकियाला बोलावलं, आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक, तळ्याकाठचं गाव. जमलेल्यांपैकी काहींच्या अंगावर आधीच्या छळाचे वण होते, म्हणजे ही काही एसी हॉलमधली कॉन्फरन्स नव्हती. अथनाशियस तेव्हा बिशपही नव्हता, आपल्या बिशपबरोबर आलेला तरुण डीकन होता. आणि तिथे जे झालं ते त्यानेच नंतर लिहून ठेवलंय, ते प्रत्येक "आम्हाला मतांगीकार नको, फक्त बायबल पुरे" म्हणणाऱ्याने एकदा ऐकावं. बिशपांना खरं तर शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. त्यांनी म्हटलं पुत्र "देवापासून" आहे असं लिहू. आरियसच्या बाजूचे एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायला लागले, म्हणे चालेल की, सगळंच देवापासून आहे, पौलच म्हणतो. बरं मग, पुत्र "देवाचं सामर्थ्य" आहे असं लिहू. तेही चालेल म्हणे, ग्रीक शास्त्रात योएलच्या पुस्तकात टोळांनासुद्धा देवाचं मोठं सामर्थ्य म्हटलंय! म्हणजे शास्त्रातला कुठलाही शब्द द्या, दोन्ही बाजू तो आपापल्या अर्थाने आनंदाने म्हणणार. शेवटी नाइलाजाने बायबलमध्ये नसलेला शब्द आणावा लागला, की पुत्र पित्याशी "एकतत्त्व" आहे, म्हणजे दोघांचं मूळ तत्त्व एकच. आणि हा शब्द इतका अडचणीचा की साधारण साठ वर्षांपूर्वी अंत्युखियात दुसऱ्याच एका वादात तो नाकारला गेला होता.

हे पोरांना सांगा ना. किती इंटरेस्टिंग आहे हे. "निकियात ठरलं" एवढ्या एका वाक्यात आपण हे सगळं गुंडाळून ठेवतो.

आणि निकियात तरी कुठे ठरलं? आरियस आणि लिबियाचे दोन बिशप यांना हद्दपार केलं, आणि थोड्याच वर्षांत वारं फिरलं, सम्राट बदलले, दरबारातली माणसं बदलली, अथनाशियस बिशप झाला आणि त्यालाच पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. मधल्या काळात परिषदांवर परिषदा झाल्या, एकेकात वेगवेगळा मतांगीकार. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लिहून ठेवलंय की सगळं जग कण्हत जागं झालं आणि आपण आरियसवाले झालोय हे बघून चकित झालं. निस्साचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजाराचं वर्णन करतो ते तर वाचण्यासारखं आहे: सुट्टे पैसे मागितले की माणूस जनित-अजनित (जन्म दिलेला की न दिलेला) यावर बोलायला लागतो, पावाचा भाव विचारला की पिता मोठा आणि पुत्र लहान असं उत्तर येतं, आंघोळीचं पाणी तापलं का विचारलं की पुत्र शून्यातून निर्माण झाला म्हणतात. तो वैतागून लिहितोय, पण मला वाचताना हेवाच वाटतो. आपल्याकडे उपासना सुटल्यावर चहाला जमलेली माणसं कशावर बोलतात ते तुम्हाला माहितीये, मी नको सांगायला. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला दुसरी मोठी परिषद झाली तेव्हा कुठे साम्राज्यात गाडी रुळावर आली, तरी गॉथ नावाच्या जर्मानिक टोळ्यांचे लोक पुढे दोनेकशे वर्षं आरियसच्याच मताचे राहिले, त्यांचं बायबल ज्याने भाषांतरित केलं तो उल्फिलास त्याच मताचा होता.

आता दुसऱ्या बाजूचाही हिशोब करते, नाहीतर म्हणाल बाई आरियसची वकिली करतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतं, की येशू साधा संदेष्टा होता आणि ३२५ साली निकियात मतदान करून त्याला देव बनवला. हे धादांत खोटं आहे, आणि खोटं आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे काय आहे ते आपल्याच लोकांना माहीत नाही. साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात. तो सुभेदार बिथुनियाचा, आणि निकिया त्याच प्रांतात! म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी त्याच भागात लोक हे गात होते, आणि सांगणारा कोणी बिशप नाही, ख्रिस्ती लोकांना शिक्षा करणारा सरकारी माणूस आहे.

दुसरं, २००५ साली इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाचं वाढीव बांधकाम करायचं म्हणून खोदकाम चाललं होतं, कैदीच खोदत होते, आणि खाली एका प्रार्थनागृहाची रंगीत खड्यांची जमीन सापडली. तिसऱ्या शतकातली, निकियाच्या आधीची. त्यात माशांची नक्षी आहे, एका रोमी शताधिपतीने आपल्या पैशाने ती जमीन करून घेतल्याचं लिहिलंय, आणि एका बाजूला ग्रीकमध्ये ओळ आहे, की देवावर प्रीती करणारी अकेप्तूस हिने हे मेज देव येशू ख्रिस्ताला आठवण म्हणून अर्पण केलं आहे. एका बाईने मेज दिलंय, मंडळीला, बहुधा प्रभुभोजनाचं, आणि खाली नाव घालताना कोणाला विचारत बसली नाही की येशूला देव म्हणू का नको. आपल्याकडे बाकांवर, पंख्यांवर "अमक्यांच्या स्मरणार्थ" लिहिलेलं असतं तसलीच ही ओळ, पण फॉरवर्डवाल्याला तोंड द्यायला मला ही एक ओळ दहा प्रवचनांपेक्षा जास्त कामाची वाटते.

आणि शास्त्रातला पुरावा म्हणाल, तर माझ्या मते आपण सगळ्यात भक्कम जागा सोडून कच्च्या जागी उभे राहतो. क्लासमध्ये पहिलं वचन काय देतात? "मी आणि पिता एक आहोत", योहान १०:३०, झालं, विषय संपला. अहो पण सात अध्याय पुढे त्याच शुभवर्तमानात येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो की जसे आपण एक आहोत तसे त्यांनीही एक व्हावं. मग शिष्यही देव का? हे आरियसवाल्यांनी तेव्हाच विचारलं होतं आणि आजही कोणीही विचारतो, आणि आपलं पोरगं तिथे तोंडावर आपटतं. शिवाय योहान १० पुढे वाचा की जरा. लोक धोंडे उचलतात की तू स्वतःला देव करतोस, आणि येशू उत्तर काय देतो? स्तोत्र ८२ काढतो, "तुम्ही देव आहात असं मी म्हणालो" हे तुमच्या शास्त्रात लिहिलेलं नाही का? म्हणजे मसीहाच्या दैवत्वावर शास्त्राचा अर्थ लावायचा वाद खुद्द प्रभू करतोय, वचनाला वचन लावून, आणि तेही सोप्या नाही तर चांगल्या गुंतागुंतीच्या पद्धतीने. मार्क १२ मध्ये तर तो स्वतःहून कोडं घालतो, दावीदच स्तोत्र ११० मध्ये मसीहाला प्रभू म्हणतो तर मसीहा दावीदाचा पुत्र कसा? उत्तर सांगतही नाही, तसंच सोडून देतो. आणि लोक आनंदाने ऐकत होते असं लिहिलंय! आपल्या क्लासमध्ये हे कोडं घातलं तर डोळे मिटायला सांगतील.

भक्कम जागा कुठली म्हणाल तर फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय. "येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकला जावा, प्रत्येक जिभेने कबूल करावं की येशू ख्रिस्त प्रभू आहे." हे आपण गाण्यात म्हणतो, बॅनरवर छापतो, पण पौलाने हे उचललंय कुठून ते किती जण उघडून बघतात? यशया ४५. आणि यशया ४५ म्हणजे अख्ख्या जुन्या करारातला एकदेवत्वाचा सगळ्यात कडक अध्याय, पुन्हा पुन्हा तेच, मीच देव, माझ्यावाचून दुसरा नाही, मीच परमेश्वर, दुसरा कोणी नाही, आणि त्या ओघात परमेश्वर स्वतःची शपथ वाहून म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल. ही शपथ पौल, परूशी शाळेत वाढलेला यहुदी, दिवसातून दोनदा "परमेश्वर एकच आहे" म्हणणारा माणूस, घेतो आणि त्यात येशूचं नाव ठेवतो. वधस्तंभाला तेव्हा तीस-पस्तीस वर्षं झाली असतील जास्तीत जास्त, येशूला प्रत्यक्ष बघितलेली माणसं अजून जिवंत होती. निकियाला अजून अडीचशेहून जास्त वर्षं आहेत. आणि तरी शेवट बघा, "देव पित्याच्या गौरवासाठी". म्हणजे पिता वेगळा आहेच, गौरव शेवटी त्याच्याकडेच जातो, आरियसवाला तिथे बोट ठेवणार, ठेवू द्या. पण ही दोन पानं समोरासमोर उघडून पोरांना स्वतः वाचायला लावली ना, तर त्यांना कळेल की त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव, हे कोणी तत्त्वज्ञांनी वरून लादलेलं नाही, पहिल्याच पिढीच्या यहुदी विश्वासणाऱ्यांनी करून ठेवलेली ही पंचाईत आहे, एकच देव तर सोडायचा नाही आणि येशूला गुडघे तर टेकायचे, मग याचा मेळ कसा घालायचा, तो घालताना पुढची तीनशे वर्षं गेली.

आता त्या मुलाच्या वचनाकडे. "पुत्रालाही नाही." याच वचनाचं मत्तय २४:३६ मध्ये काय झालं माहितीये? बऱ्याच जुन्या हस्तलिखित प्रतींमध्ये तिथे "पुत्रालाही नाही" हे शब्दच नाहीत, काही सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये आहेत. बहुतेक अभ्यासक म्हणतात की नकलाकारांना ते शब्द अडचणीचे वाटले म्हणून गळाले. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने तर उलटाच आरोप केला, की हे शब्द आरियसवाल्यांनी घुसडलेत. म्हणजे वचन लपवायची आपली सवय तशी जुनीच आहे. अथनाशियसने मात्र ते शब्द घेतले आणि सांगितलं, की माणूस म्हणून त्याला ठाऊक नव्हतं, देवाचा अनादी शब्द म्हणून (म्हणजे देव म्हणून) ठाऊक होतं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन म्हणतो ठाऊक होतं पण सांगायचं नव्हतं म्हणून तसं म्हटलं. ऑगस्टिनबद्दल मला आदर आहे पण हे उत्तर मला मुळीच पटत नाही, प्रभू "मला ठाऊक नाही" म्हणतो आणि आपण म्हणायचं की होतं हो ठाऊक? त्यापेक्षा फिलिप्पै २ च वाचा, त्याने स्वतःला रिक्त केलं. रिक्त केलं म्हणजे खरोखर केलं, नुसतं तसं दाखवलं नाही. बाळ येशूला बोलायला शिकावं लागलं हे आपण नाताळात कौतुकाने सांगतो, लूक तर लिहितोच की तो ज्ञानात वाढत गेला, मग ठाऊक नसण्याची एवढी भीती का? तुम्हाला माझं हे पटणार नाही कदाचित. ठीक आहे, क्लासमध्ये सांगा ना का पटत नाही ते.

बरं, लपवालपवी परवडली पण चुकीचं शिकवणं नको. त्रैक्य रविवार आला की हटकून ते पाणी, बर्फ आणि वाफ येतं. एकच पाणी, तीन रूपं, समजलं का बाळांनो? समजलं, पण जे समजलं ते त्रैक्य नाहीये, एकच देव कधी पिता होतो कधी पुत्र होतो कधी आत्मा होतो हे तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने नाकारलं गेलेलं मत आहे. मग बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देनेत उभा असलेला कोण, आकाशातून बोलणारा कोण, आणि गेथशेमानेत प्रार्थना कोणाला चालली होती, स्वतःलाच? एका हाताने आरियसला पाखंडी म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर साबेल्लियस काढायचा, असं चाललंय. तसंच १ योहान ५:७ मधली "स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा" ही जुन्या इंग्रजी बायबलमधली ओळ, ती अजूनही कन्व्हेन्शनमध्ये ठोकून सांगतात. इरॅस्मस या विद्वानाने १५१६ च्या छापील ग्रीक करारात ती घेतली नव्हती कारण त्याला जुन्या ग्रीक प्रतींत ती मिळाली नाही, १५२२ ला दबावाने घेतली. खरी बाजू मांडायला कच्चा पुरावा कशाला लागतो आपल्याला?

प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केल्याने काय होतं ते मंडळीच्या इतिहासात आहेच. १५५३ च्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात त्रैक्य नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला जिवंत जाळलं, आणि तेही आपल्या प्रॉटेस्टंट लोकांनी. जळताना तो ओरडला, "शाश्वत देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर." जवळ उभ्या असलेल्या फारेलचं, जिनिव्हातला सुधारक कॅल्विन याच्या सोबत्याचं, म्हणणं की याने "देवाच्या शाश्वत पुत्रा" म्हटलं नाही म्हणजे शेवटपर्यंत सुधारला नाही. माणूस येशूच्या नावाने दया मागतोय आणि हे विशेषण कुठे लागलं ते बघतायत! १९०३ साली कॅल्विनच्याच अनुयायांनी तिथे पश्चात्तापाचा दगड उभा केला, साडेतीनशे वर्षांनी.

भारतातही झालंच. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूची वचनं वेगळी काढून छापली तेव्हा श्रीरामपूरच्या मिशनरी मार्शमन साहेबांशी त्यांचा वर्षानुवर्षं छापील वाद चालला, आणि त्यांच्याबरोबर शुभवर्तमानांचं बंगाली भाषांतर करायला बसलेला बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम अ‍ॅडमच १८२१ मध्ये त्रैक्य सोडून युनिटेरियन झाला. लोकांनी त्याची "दुसरा पतित आदाम" अशी टिंगल केली. टिंगलीने तो परत आला नाही.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर पंडिता रमाबाईंचं. मंडळीत त्यांचा फोटो असतो, मुक्ती मिशनच्या सहली निघतात, पण १८८५ ची पत्रं कोणी वाचून दाखवत नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या वाँटेजच्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनला विचारत होत्या की त्रैक्य आणि ख्रिस्ताचं दैवत्व तुम्ही ज्या शब्दांत मला म्हणायला लावता ते शब्द शास्त्रात कुठे आहेत ते दाखवा. अथनाशियसच्या नावावर असलेल्या मतांगीकारावरही त्यांचा आक्षेप होता (तो त्याने लिहिलेला नाहीच, पण ते असो). सिस्टर रागावल्या, अहंकार म्हणाल्या. रमाबाईंनी उलट कळवलं की मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे, आणि भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय ते दुसरं तसलंच मानेवर घ्यायला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या मुख्य बाई डोरोथिया बील मात्र शांतपणे लिहीत राहिल्या, प्रश्नाला प्रश्न म्हणून उत्तर देत राहिल्या, आणि इतरांनाही सांगत राहिल्या की हिला दडपू नका. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्याच साहित्य संस्कृती मंडळाने छापलाय, तेव्हा मिळत नाही म्हणू नका. पुढे त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि केडगावला बायकांच्या हातून छापून घेतलं. १८८५ मध्ये आपल्या त्या क्लासमध्ये असत्या तर त्यांच्याही नावाने "शंका दूर कर" झालं असतं.

तर मागणं फार नाहीये. दृढीकरणाच्या क्लासमध्ये मतांगीकार पाठ करून घेण्याआधी आरियसची वचनं पोरांच्या हातात द्या, त्यांनाच दोन बाजू करून भांडू द्या, तुम्ही शेवटी बोला. बर्फ-वाफ बंद. "पाखंडी" हा शब्द पंधरा-सोळा वर्षांच्या पोरासाठी वापरायचा नाही. ज्या क्लास घेणाऱ्यांना उत्तर येत नसेल त्यांनी "बघून सांगतो" म्हणावं आणि खरंच बघून सांगावं, सेमिनरीत शिकलेली एवढी माणसं आहेत आपल्यात, फोन करा की. आणि येत्या त्रैक्य रविवारी पाळकसाहेब, प्रवचनाला मार्क १३:३२ घ्या. चहाच्या आधी प्रश्नांना वेळ ठेवा, समोरासमोर विचारायला लाजत असतील तर चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता.

माझी चिठ्ठी इथेच देऊन ठेवते, म्हणजे तयारीला वेळ मिळेल. १ करिंथ १५:२८ मध्ये पौल म्हणतो की सगळं झाल्यावर पुत्र स्वतःही पित्याच्या अधीन होईल, यासाठी की देव सर्वांत सर्व व्हावा. निकियाच्या बाजूने उभा राहिलेला बिशप मार्केलस याच वचनावरून म्हणायला लागला की ख्रिस्ताच्या राज्याला शेवट आहे, आणि त्यालाच उत्तर म्हणून मतांगीकारात "त्याच्या राज्याचा अंत होणार नाही" ही ओळ आली, जी आपण सगळे म्हणतो. ओळ मला मान्य आहे. पण मग पौलाच्या त्या वचनाचा अर्थ नक्की काय लावायचा, तो अधीन होणारा नुसता माणूस येशू की शाश्वत पुत्र?

आपली नम्र,
मंडळीतलीच एक संडे स्कूल टीचर